चाळिशीनंतर सिक्स पॅक? आधी सुतळी घ्या

चाळिशी-पन्नाशीत पोटावर सिक्स पॅक दिसू शकतात का? शकतात. बहुतेक निरोगी पुरुषांना ते जमण्यासारखं आहे, काही बायकांनाही. मग त्यांच्या मागे लागावं का? माझं मत विचाराल तर बहुतेकांनी लागू नये. हे वाचून ज्यांना हायसं वाटलं त्यांनी मात्र लेख इथेच खाली ठेवू नये, कारण आहे ती ढेरी चालेल असं मी म्हणणार नाही. रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर सध्या दोन तऱ्हेची मंडळी भेटतात. एकजण जिमच्या आरशासमोर टी-शर्ट वर करून श्वास रोखून उभा असतो. दुसरा जेवल्यावर पोटावरून हात फिरवत ‘आता वय झालं, चालायचंच’ म्हणतो. मला दोघांशीही बोलायचं आहे.

हे वेड कुठून आलं ते थळच्या लोकांना वेगळं सांगायला नको. २००७ च्या नोव्हेंबरात ‘ओम शांती ओम’ पडद्यावर आला तेव्हा शाहरुख खानला नुकतीच ४२ वर्षं पुरी झाली होती आणि त्यातल्या एका गाण्यानंतर गावोगावच्या जिममध्ये पोरं ‘सिक्स पॅक पाहिजे’ म्हणत शिरली. त्याचा बंगला आपल्याच थळच्या किनाऱ्याला. पुढच्या वर्षी ‘गजनी’त आमीर खान ४३ व्या वर्षी तसाच दिसला. २०२३ च्या ‘पठाण’मध्ये शाहरुख ५७ वर्षांचा होता, तरी पोटावरचे चौकोन जागेवर होते. आपल्या मराठी माणसाचं उदाहरण हवं तर मिलिंद सोमण आहे. २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने झुरिकची आयर्नमन शर्यत पुरी केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणं, सगळं एका दिवसात. तेव्हा वय आडवं येतं ही सबब टिकत नाही.

पण या माणसांचा दिनक्रमही बघा. सोमण तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू. त्याचं शरीर पन्नाशीत अचानक घडलेलं नाही. नटांचं तर शरीर हेच भांडवल. ‘दंगल’साठी आमीरने वजन नव्वद किलोंच्या वर नेलं, आधी त्यातल्या म्हाताऱ्या पैलवान महावीरची दृश्यं दिली आणि मग काही महिने फक्त वजन उतरवण्याचं काम केलं. काम म्हणजे अक्षरशः काम: प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, मोजून मापून ताट, झोपेची वेळ. थळच्या खत कारखान्यात किंवा डोलवीला रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माणसाने त्यांच्याशी तुलना केली तर हिशोब जुळणार कसा?

लांब कशाला, आपल्याकडच्या शरीरसौष्ठवाच्या ‘श्री’ स्पर्धा बघा. हल्ली चाळिशी ओलांडलेल्यांसाठी ‘मास्टर्स’ गट असतो आणि त्यात उतरणाऱ्यांची मेहनत खरीच वाखाणण्यासारखी. त्यातल्या एखाद्याला विश्वासात घेऊन विचारा, स्टेजवर दिसलेलं पोट किती दिवस तसं राहिलं? तो हसेल. स्पर्धेआधीचे काही महिने खाणं कमी-कमी करत आणलेलं असतं, शेवटच्या दिवसांत पाणी आणि मीठ यांच्याशी खेळ केलेला असतो, वर अंगाला रंग फासलेला आणि दिवे खास तिरपे लावलेले. ती एका रात्रीची तयारी असते. आठवड्यात पोट पुन्हा माणसासारखं दिसायला लागतं.

आता शरीरात काय असतं ते पाहू. पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत एक उभा स्नायू असतो, त्याला आडवे पट्टे. त्या पट्ट्यांमुळे चौकोन दिसतात. हा स्नायू तुम्हालाही आहे, मलाही आहे. पट्टे किती आणि सरळ की वाकडे हे जन्मतःच ठरतं, म्हणून कुणाला सहा दिसतात, कुणाला चार, एखाद्याला आठ. व्यायामाने स्नायू जाड होईल, पट्टे वाढणार नाहीत. ते दिसण्यासाठी वरची चरबी पातळ व्हावी लागते: पुरुषात साधारण १० ते १२ टक्क्यांपर्यंत, बाईत सुमारे १६ ते १९ टक्क्यांपर्यंत. शंभर-दोनशे उठाबशा किंवा क्रंचेस काढून नेमकी पोटावरची चरबी जाळता येत नाही. चरबी कुठून आधी उतरवायची ते शरीर ठरवतं, आणि पुरुषांच्या खालच्या पोटाचा नंबर बहुधा शेवटी लागतो.

एक गणित मांडतो. उंची १६८ सेंटीमीटर म्हणजे साडेपाच फूट, वजन ७८ किलो, चरबी २८ टक्के. असा पंचेचाळिशीचा गृहस्थ आपल्याकडे घरटी सापडेल. त्याच्या अंगावर जवळजवळ २२ किलो चरबी आहे आणि बाकीचं ५६ किलो म्हणजे हाडं, स्नायू, पाणी वगैरे. स्नायू जराही न गमावता त्याला १२ टक्क्यांवर यायचं तर वजन ६४ च्या आसपास आणावं लागेल, म्हणजे १४ किलो उतरवायचे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी पडतील असं खाल्लं तर सात महिने लागतील, तेही मध्ये एकाही हळदीला, एकाही गटारीला आणि एकाही रविवारी नेम न मोडता. प्रत्यक्षात दीड वर्ष धरा.

या गणितातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. वजन पाच ते दहा टक्के उतरलं, म्हणजे या गृहस्थाचे ४ ते ८ किलो गेले, की रक्तातली साखर, रक्तदाब आणि चरबीचे आकडे सुधारू लागतात. आतड्यांभोवती आणि यकृतात साचलेली आतली चरबी सुरुवातीलाच हलते आणि सगळ्यात घातक तीच असते. म्हणजे १४ किलोंपैकी अर्ध्याअधिक वाटेवर तब्येतीचा बहुतेक फायदा पदरात पडलेला असतो. पुढचे सहा किलो मुख्यतः आरशासाठी. आणि तेच सहा किलो सगळ्यात महाग पडतात. माणूस चिडका होतो, झोप उडते, थंडी वाजते, स्नायू झिजतात, पुरुषांची कामेच्छा मंदावते, बायकांची पाळी बिघडते. घरात एकाने सिक्स पॅक धरले की त्याचे चटके सगळ्या कुटुंबाला बसतात, हे बघितलेल्या घरातल्या वहिनींना विचारा.

तरीही आपल्या लोकांनी पोटाकडे लक्ष द्यायलाच हवं, आणि त्याचं कारण पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला एका फोटोतून दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या हिशोबातलं वजन, अगदी सारखं: २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा, असा आपला भारतीय देह. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असे काका आपल्या प्रत्येक आळीत आहेत. वजनकाटा त्यांना ‘ठीक आहे’ म्हणतो आणि मधुमेह मागच्या दाराने येतो. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि जवळपास ४० टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला.

‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, म्हटलंही असेल. २०२१ साली ‘सायन्स’ या वैज्ञानिक नियतकालिकात सहा हजारांहून अधिक माणसांच्या मोजणीचा अभ्यास आला. वीस ते साठ या वयात शरीराचा ऊर्जेचा खर्च, अंगाच्या आकारमानाच्या हिशोबात, जवळपास स्थिर राहतो असं त्यात दिसलं. म्हणजे चाळिशीत आतली भट्टी विझत नाही. मग बदलतं काय? हालचाल कमी होते, स्नायू हळूहळू झिजतात, झोप तुटते, आणि ताट मात्र पंचविशीतलंच राहतं.

आपल्या किनाऱ्यावर तर हे दोन पिढ्यांत घडलं. आजोबा खारजमिनीत बांध घालायचे, वाडीत रहाटाने शिंपण व्हायचं, मिठागरावर उन्हात राबायचं, होडी वल्हवायची. त्यांच्या ताटातला भाताचा डोंगर संध्याकाळपर्यंत जिरून जायचा. मग वाडीत पंप आला, होडीला इंजिन लागलं, जमिनी विकल्या गेल्या, थळ-उसर-नागोठणे-उरणला कारखाने आणि बंदर आलं, नातू खुर्चीत किंवा गाडीत बसला. डोंगर मात्र तेवढाच वाढला जातो, कारण आईच्या हाताला तेच माप बसलंय. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कोळीवाड्यातही हेच होतं. होड्या किनाऱ्यावर, नाखवा आणि खलाशी घरी, पत्त्यांचा डाव रंगलेला, आणि ऑगस्टमध्ये समुद्रावर जाताना दम लागतो.

म्हणून वजनकाटा आणि आरसा दोन्ही बाजूला ठेवा आणि घरातली सुतळी घ्या. आपल्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. ही दुमडलेली सुतळी पोटाभोवती पुरली पाहिजे. बेंबीच्या जरा वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, उघड्या अंगावर, श्वास सोडून मापायचं. पोट आत ओढायचं नाही, बघायला कुणी नसतं. पुरली तर उत्तम. दोन टोकांत चार बोटांची फट राहिली तर ती भरून काढणं हे तुमचं या वर्षाचं काम. सेंटीमीटरमध्ये हवं असेल तर भारतीय पुरुषाने ९० च्या आत आणि बाईने ८० च्या आत राहावं असं डॉक्टर मानतात. पँटच्या नंबरावर विसंबू नका, करगोट्यावर तर मुळीच नाही. पोट पुढे आलं की पट्टा आणि करगोटा दोन्ही त्याच्या खाली सरकतात आणि ‘वीस वर्षं ३४ च नंबर आहे’ असं सांगणारा माणूस खोटं न बोलताही चुकतो.

बायकांनो, तुमच्याविषयी वेगळं बोलायला हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच कंबर मोजली गेली. त्यात पुरुष १२ टक्के आणि स्त्रिया तब्बल ४० टक्के मर्यादेबाहेर निघाल्या. पहाटे उठून धक्क्यावर नाहीतर बाजारात बसणाऱ्या कोळणीला ‘व्यायाम करा’ म्हणताना माझीच जीभ अडखळते. पण पाटी डोक्यावर घेऊन चालण्याची जागा आता टेम्पोने घेतलीय आणि बसणं तेवढंच उरलंय. पाळी जायच्या सुमाराला चरबी मांड्यांवरून पोटाकडे वळते, यात तुमचा दोष नाही. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतील तर क्रंचेसने ती फट वाढूही शकते, तेव्हा आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. आणि पन्नाशीच्या आसपास हाडं ठिसूळ होत असताना उपाशी राहून सपाट पोट मिळवणं हा फार तोट्याचा सौदा आहे. तुम्हाला ताकद हवी. पाण्याचा हंडा उचलताना पाठ न धरणं हे चौकोनांपेक्षा कितीतरी मोलाचं.

जेवणाचं सांगतो. आपल्याकडे देवदयेने कुठली पावडर आणायची गरज नाही. बांगडा, बोंबील, मांदेली, कोळंबी, तिसऱ्या, कालवं ही सगळी उत्तम प्रथिनं. शाकाहाऱ्यांना वालाचं बिरडं, मूग, चवळी, दही. घोटाळा माशात नाही, तो रव्यात घोळवून तेलात पोहायला लावण्यात आणि त्याखालच्या भाताच्या परातीत आहे. मासे आमटीत, तव्यावर थोड्या तेलात किंवा केळीच्या पानात करा. ताटात आधी मासे किंवा डाळ, मग भाजी, अलिबागचा पांढरा कांदा, काकडी, आणि शेवटी भात, नेहमीपेक्षा निम्मा. तांदळाची भाकरी आणि भात दोन्ही एका जेवणात नको, एकाची निवड करा. पोपटी जरूर खा. मडक्यात भामरुडच्या पाल्यात, तेलाविना शिजलेल्या वालाच्या शेंगा आणि अंडी यांच्याइतकं शहाणं जेवण दुसरं नाही, फक्त तिच्या सोबतीला येणाऱ्या बाटल्यांचा हिशोब ठेवा. सुकट, जवळा, सोडे प्रथिनांनी भरलेले असले तरी खारवलेल्या मासळीत मीठ फार, रक्तदाब असेल तर जपून. आणि दारू. एका मोठ्या बिअरच्या बाटलीत साधारण पावणेतीनशे कॅलरी, सोबतच्या चकण्याच्या वेगळ्या. शनिवारी हळद, रविवारी क्रिकेटच्या फायनलचं मटण, असा ज्याचा हंगाम जातो त्याने सोमवार ते शुक्रवार सॅलड खाऊन काही उपयोग होत नाही. हळदीला जा, नाचा, मटणही खा. ग्लास मात्र एकदाच भरून घ्या.

व्यायामाची गोष्ट औंधच्या राजाकडून शिकण्यासारखी आहे. भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८ चा. त्यांना तरुणपणी युरोपातल्या सँडोचं वेड लागलं. सँडो म्हणजे त्या काळचा सिक्स पॅकचा बादशहा. १८९७ साली भवानरावांनी त्याची पुस्तकं आणि उपकरणं मागवली आणि दहा वर्षं नेमाने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. मग, बरोबर चाळिशीच्या सुमाराला, मिरजच्या राजांच्या उदाहरणाने ते सूर्यनमस्कारांकडे वळले. उपकरणं बाजूला पडली. पुढे त्यांनी संस्थानच्या शाळांमधून नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९५१ साली वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेले. ज्याच्याकडे पैसा, वेळ, नोकरचाकर सगळं होतं त्या माणसानेही चाळिशीत आयुष्यभर निभेल असा व्यायाम निवडला, हे मला फार समंजसपणाचं वाटतं.

तुम्ही नमस्कार घाला, दंड-बैठका काढा, जिमला जा, काही करा. आठवड्यात दीडशे मिनिटं तरी दम लागेल अशी चाल हवी आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच, कारण तिशीनंतर दर दशकाला स्नायू काही टक्के झिजतात आणि नुसतं चालून ते परत येत नाहीत. आपल्याला जागेची कमी नाही. ओहोटीला अलिबाग, नागाव, आक्षी, दिवेआगरची ओली टणक वाळू चालायला गुडघ्यांना सोसते. भरती-ओहोटीच्या वेळा रोज पुढे सरकतात, तेव्हा ‘सकाळी सहालाच’ असा हट्ट करू नका. कनकेश्वरच्या सातशेच्या आसपास पायऱ्या आठवड्यातून एकदा चढून या, देवदर्शनही होईल. गुडघे दुखत असतील तर उतरताना सावकाश. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीवर रेटून दंड, कोपरांवर प्लँक, दोन्ही हातांत नारळाच्या पिशव्या घेऊन अंगणात फेऱ्या, यासाठी पैसा पडत नाही.

जिमला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तीन महिन्यांत पॅक काढून देतो म्हणणाऱ्या कुणाकडूनही इंजेक्शन, गोळी, ‘फॅट बर्नर’ घेऊ नका. स्टेरॉइडने हृदय, यकृत आणि वीर्य तिन्हींचं नुकसान होतं, आणि चाळिशीतलं हृदय पंचविशीतल्या हृदयाइतकं माफ करत नाही. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तिशीपुढच्या माणसाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात मोफत होते. चालताना छातीत दाबल्यासारखं वाटलं, पोट अचानक फुगून टणक झालं, किंवा खोकताना जांघेत गाठ आली तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर. आणि दादा, वीस वर्षांनी जिममध्ये परत आलात तर पहिल्याच दिवशी पुतण्याएवढं वजन उचलू नका. तो हसला तर हसू दे.

इतकं सांगूनही ज्याला पोटावर चौकोन बघायचेच आहेत, त्याला मी अडवणार नाही. हौस ही हौस असते, आणि बैलगाड्यांच्या शर्यतीवर लाखो उधळण्यापेक्षा ही बरी. फक्त आधी सुतळी पुरू दे. मग सहा महिने स्नायू कमवा, आणि मग गणपती-नवरात्र-दिवाळी आटोपल्यावर पुढे लग्नसराई भरात यायच्या आतले तीनेक महिने निवडा. घरच्यांना सांगून ठेवा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नका. चौकोन दिसले की किनाऱ्यावर जाऊन चांगला फोटो काढून घ्या, सकाळचं तिरपं ऊन त्याला छान. आणि दुसऱ्या दिवसापासून भात परत ताटात घ्या, दर आठवड्याला एक मूठ वाढवत. एकदम परात नको.